प्रादेशिक हवामान प्रतिमान (उच्च विभेदनाचे)

मर्यादित भूप्रदेशापुरती वातावरणाची समीकरणे संगणकावर सोडवून पुढच्या काही तासांचा ते दोन-तीन दिवसांचा अंदाज देणारी प्रणाली. हिची जाळी, म्हणजे गणिताच्या शेजारशेजारच्या बिंदूंमधले अंतर, जागतिक प्रतिमानाच्या जाळीपेक्षा बारीक, सामान्यतः १ ते ९ किमी. असते. हवामान खात्यात आणि वर्तमानपत्रांत यालाच ‘मॉडेल’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत उभारणीची पद्धत, पुण्यातील काम आणि मराठवाड्याच्या, विशेषतः जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या पिंपळगाव रेणुकाई मंडळाच्या दृष्टीने या प्रणालीचे मोल यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : हवामानाचे गणित मांडून उद्याचे आकाश सांगता येईल, हा विचार लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला. २० मे १९१० या दिवसाचे त्याने हाताने केलेले गणित सपशेल चुकले. सहा तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कल वाढेल असे उत्तर आले. पद्धत मात्र बरोबर होती. १९५० मध्ये एनिअ‍ॅक संगणकावर ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी पहिला यशस्वी संगणकीय अंदाज काढला.

भारतीय हवामान विभाग १८७५ चा. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिवाजीनगरच्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) स्थापन झाली. संगणकीय अंदाजाला सरकारी बळ मिळाले ते १९८८ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र निघाल्यावर. या केंद्रासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी हा महासंगणक मिळाला, पण त्याहून ताकदीचे यंत्र देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. भारतीय महासंगणनाच्या इतिहासात हवामानाचा अंदाज ही गरज सुरुवातीपासून अशी गुंतलेली आहे.

पुण्यातील काम : आयआयटीएममधील ‘प्रत्युष’ (२०१८) या ४ पेटाफ्लॉप क्षमतेच्या यंत्राची जागा ‘अर्क’ने घेतली. ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या अर्कचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या नोएडा येथील ८.२४ पेटाफ्लॉपचे ‘अरुणिका’ त्याच दिवशी कार्यान्वित झाले. अर्कच्या बळावर आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेली ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ २६ मे २०२५ रोजी हवामान विभागाच्या दैनंदिन वापरासाठी खुली झाली. हे प्रतिमान जागतिक असले तरी उष्णकटिबंधात त्याची जाळी सुमारे ६ किमी.ची आहे, आधीच्या प्रतिमानाची १२ किमी.ची होती. प्रादेशिक आणि जागतिक प्रतिमान यांच्यातली जुनी सीमारेषा त्यामुळे पुसट झाली आहे.

या आकड्यांचा अर्थ महसूल मंडळाच्या मापाने पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी. आहे आणि मंडळे दोन हजारांहून अधिक. म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला सरासरी दीडशे चौ. किमी.च्या आसपास क्षेत्र येते. १२ किमी.चा एक चौकोन १४४ चौ. किमी.चा, म्हणजे जवळजवळ एका मंडळाएवढा. ६ किमी.ची जाळी झाल्यावर त्याच मंडळात चार चौकोन बसतात आणि ३ किमी.च्या जाळीत सोळा. मंडळात २४ तासांत ६५ मिमी. पाऊस झाला की महसूल खात्याच्या लेखी अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्यांची वाट मोकळी होते. शासनाचे मोजमाप आणि प्रतिमानाचे मोजमाप प्रथमच एका पातळीवर आले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जाळी ६ किमी.ची म्हणजे ६ किमी.चा ढग दिसतो असे समजू नये. प्रतिमानाला विश्वासाने उभी करता येणारी सर्वांत लहान रचना जाळीच्या अंतराच्या सुमारे सातपट असते. म्हणजे ६ किमी.च्या जाळीत ती ४० किमी.च्या घरात जाते. प्रसिद्धीपत्रकांत ही बाब सहसा येत नाही.

उभारणी : संशोधन संस्था आणि विद्यापीठे बहुधा डब्ल्यूआरएफ हे अमेरिकेत विकसित झालेले, विनामूल्य मिळणारे प्रतिमान वापरतात. नोएडाच्या केंद्राचे प्रादेशिक प्रतिमान ब्रिटिश ‘युनिफाइड मॉडेल’वर आधारित असून ४ किमी. जाळीवर चालवले गेले. दिल्लीच्या धुक्यासाठी तर ३३० मीटरची जाळी वापरली आहे.

भोकरदन तालुका मध्यभागी धरून उभारणी करायची, तर क्षेत्राची आखणी हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम. बाहेरची चौकट ९ किमी.ची, आतली ३ किमी.ची, हे तीनास एक प्रमाण प्रचलित आहे. बाहेरची चौकट जालन्याभोवती घट्ट आवळली तर प्रतिमान निरुपयोगी ठरते. मराठवाड्याचा जोरदार पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातून विदर्भमार्गे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो, अरबी समुद्राचे बाष्प सह्याद्री ओलांडताना बरेचसे घाटमाथ्यावरच रिते होते. दोन्ही समुद्रांचा पुरेसा भाग आणि संपूर्ण सह्याद्री चौकटीत असलाच पाहिजे. तालुक्याच्या उत्तरेची अजिंठ्याची रांग ही दुसरी अडचण. ९ किमी.च्या जाळीत तिच्या कडा सपाट होऊन जातात, ३ किमी.मध्ये ओळखू येऊ लागतात.

गणिताचा भार असा : आतली चौकट ३०० × ३०० किमी.ची घेतली तर ३ किमी. जाळीवर १०,००० स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभात ५० थर धरले तर पाच लाख बिंदू. डब्ल्यूआरएफमध्ये जाळीच्या किलोमीटरांची सहापट इतक्या सेकंदांची कालपायरी घेतात, ३ किमी.साठी ती १८ सेकंद. ४८ तासांच्या अंदाजासाठी ९,६०० पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला पाचही लाख बिंदूंवर वारा, दाब, तापमान आणि बाष्प नव्याने काढावे लागते. जाळी तिपटीने बारीक केली की काम सुमारे २७ पट वाढते.

आरंभस्थिती आणि कडेची मूल्ये जागतिक प्रतिमानाकडून घ्यावी लागतात. अमेरिकेच्या जीएफएसची पाव अंशाची माहिती दिवसातून चार वेळा खुली होते. पहाटे ५.३० च्या स्थितीवरचे गणित आपल्या हाती येईपर्यंत सकाळचे नऊ-साडेनऊ होतात. त्यावर आपले प्रतिमान चालवून नकाशे काढेपर्यंत दुपार. शिवाय पहिले सहा ते बारा तास प्रतिमान स्वतःचे ढग जुळवण्यात घालवते आणि त्या काळातील पाऊस भरवशाचा नसतो. मे महिन्यात दुपारनंतर येणाऱ्या वळवासाठी म्हणूनच आदल्या संध्याकाळच्या धावेवर विसंबावे लागते. पिंपळगाव रेणुकाई ही हिरव्या मिरचीची मोठी बाजारपेठ आहे; तोड कधी करायची आणि माल कधी हलवायचा हे ठरवणाऱ्याला अंदाज किती मिमी.चा यापेक्षा तो किती वाजता हाती पडतो हे अधिक मोलाचे असते.

ढगांचे भौतिकी : ४ किमी.हून बारीक जाळीवर अभिसरणाचे, म्हणजे तापलेली हवा वर उठून ढग बनण्याचे, ठोकळ सूत्र बंद करून ढग थेट समीकरणांतून वाढू देतात. ५ ते १० किमी.चा पट्टा संदिग्ध मानला जातो आणि तेथे हे सूत्र चालू ठेवावे की नाही याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

निरीक्षणे : मराठवाड्याच्या बाबतीत खरी उणीव येथे आहे. जमिनीवरची यंत्रे विपुल आहेत. ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून राज्यातील मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा मोजला जातो. परंतु प्रतिमानाला आरंभी लागते ती वरच्या हवेची आणि ढगांच्या पोटातली माहिती, आणि ती रडार व फुगे देतात. आयआयटीएमचे सोलापूरचे रडार पर्जन्यढगांच्या अभ्यासासाठी मोलाचे ठरले. भोकरदन तालुका तेथून अडीचशे किमी.पेक्षा दूर आहे. अर्धा अंश उंचावून सोडलेला रडारचा किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे २५० किमी.वर सुमारे ६ किमी. उंचीवरून जातो, म्हणजे ढगाचा खालचा अर्धा भाग त्याला दिसतच नाही. संगणकाची क्षमता तिपटीने वाढवण्याआधी ही पोकळी भरली जावी, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पडताळा : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिमी.देखील झाला नाही. या एका दिवसाची प्रतिरूपणे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी करून पाहिली आहेत. मराठवाड्यावर तसा अभ्यास थोडा झाला. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, किंवा जुलै २०१९ मध्ये भोकरदन तालुक्यातील मुसळधार पावसानंतर सेलूद येथील धामणा धरणाच्या भिंतीला गळती लागली ते दिवस, हे पडताळ्याचे उत्तम विषय आहेत.

पडताळ्यात बारीक जाळीवर एक अन्याय होतो. समजा, प्रतिमानाने ७० मिमी. पाऊस धावडा मंडळात दाखवला आणि तो पडला पिंपळगाव रेणुकाईत. ढग बरोबर, दिवस बरोबर, जागा एका मंडळाने चुकली. साध्या कोष्टकात मात्र दोन चुका नोंदल्या जातात : धावड्याला खोटा इशारा, पिंपळगावला हुकलेला पाऊस. पावसाचा थेंबही न दाखवणाऱ्या ढोबळ प्रतिमानाची एकच चूक धरली जाते. यावर उपाय म्हणून एकेका बिंदूऐवजी आसपासच्या क्षेत्रातील पावसाळी चौकोनांचे प्रमाण ताडून पाहणारी पद्धत २००८ मध्ये रॉबर्ट्स व लीन यांनी मांडली, तीच वापरावी.

यंत्रशिक्षणावर आधारित प्रतिमाने : २०२५ च्या खरिपात मोसमी पावसाच्या आगमनाचे या प्रतिमानांवर आधारलेले अंदाज केंद्रीय कृषी मंत्रालयाने देशातील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाठवले.

गावापर्यंत : २४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील पाच दिवसांचा अंदाज ‘ई-ग्रामस्वराज’ आणि ‘मेरी पंचायत’ यांवर मिळतो. अंदाजावर गावाचे नाव असले तरी तो राष्ट्रीय प्रतिमानांच्या जाळीवरून उतरवलेला असतो. शेजारच्या दोन गावांना सारखाच आकडा दिसला तर त्याचे कारण हे आहे. पिकांसाठीचा कृषी हवामान सल्ला मराठवाड्यापुरता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो.