मेंदूचे मरण आणि मेंदूची इजा

सुरत शहराच्या दक्षिणेस उधना ओलांडले, की पांडेसरा लागते. कापडाची रंगाई आणि छपाई करणाऱ्या गिरण्यांची ही औद्योगिक वसाहत. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे येथे आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली आहेत. जड वाहनांची वर्दळ आणि यंत्रांची धडधड यांच्यामध्ये ज्यांचे जीवन चालते, त्यांच्या वाट्याला डोक्याची दुखापत येणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. जखमी माणूस रुग्णालयात पोचतो, त्याला कृत्रिम श्वसनयंत्र लावले जाते, आणि एकदोन दिवसांनी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, की मेंदू मृत झाला आहे. ‘डोनेट लाइफ’सारख्या संस्थेच्या कार्यामुळे अवयवदानाच्या बाबतीत सुरतेचे नाव अलीकडे देशभर झाले आहे. तेव्हा त्या सांगण्यापाठोपाठ दानाची विनंतीही येते.

अशा वेळी नातेवाइकांच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो अडाणीपणाचा मुळीच नाही. छाती वरखाली होते आहे, अंगाला ऊब आहे, नाडी हाताला लागते; मग माणूस मेला कसा? आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग बेशुद्धीसारख्या अवस्थेत बेचाळीस वर्षे जगली, तर आमच्या माणसासाठी महिनाभर तरी का थांबू नये? हा प्रश्न पुष्कळदा डॉक्टरांना विचारला जात नाही. तो रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारला जातो. आणि तिला उत्तर देता आले नाही, तर एका कुटुंबाच्या मनात जन्मभराचा सल राहतो.

शतकानुशतके मृत्यूची खूण सोपी होती. श्वास थांबला, हृदय थांबले, की माणूस गेला. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. तेथे गळ्यातून नळी घालून हाताने हवा भरण्याचा उपाय यशस्वी झाला आणि पुढे त्या हातांची जागा यंत्रांनी घेतली. यंत्राने असंख्य प्राण वाचविले. पण त्याबरोबर पूर्वी कोणी न पाहिलेली एक स्थितीही निर्माण केली. १९५९ साली पॅरिसमधील मोलारे आणि गूलों या दोन वैद्यांनी तिचे वर्णन केले. बेशुद्धीच्याही पलीकडे गेलेले हे रुग्ण. त्यांचा मेंदू पूर्णपणे निकामी झालेला असे आणि केवळ यंत्राच्या हवेवर हृदय काही काळ चालत राही.

पुढे ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे बर्नार्ड यांनी हृदयारोपण केले आणि अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या के. ई. एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. परंतु येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. मेंदूच्या मृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा प्रसिद्ध अहवाल त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निघाला. म्हणजे सेन यांनी शस्त्र हाती घेतले, तेव्हा दात्याला मृत केव्हा म्हणावे याबद्दल वैद्यकाचा एकमताने ठरलेला निकष नव्हता आणि भारताचा कायदा तर आणखी सव्वीस वर्षे दूर होता.

आता थोडे मेंदूकडे वळू. सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा हा अवयव शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा भरतो; पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी एक पंचमांश तो एकटा घेतो. साठवण त्याच्यापाशी जवळजवळ नाही. रक्तपुरवठा चारपाच मिनिटे पूर्ण तुटला, तरी कायमची हानी होऊ लागते. मात्र सारा मेंदू एकाच वेळी हार मानत नाही. बाहेरचे वळ्यावळ्यांचे आवरण, ज्याला बाह्यक म्हणतात, ते सर्वांत नाजूक. ओळख, भाषा, आठवण, हेतू ही सगळी त्याची मालमत्ता. खाली मानेकडे उतरणारा मस्तिष्कस्तंभ त्यामानाने चिवट. श्वासाची लय, गिळणे, खोकणे, प्रकाशात डोळ्याच्या बाहुलीचे आकुंचन आणि झोप-जागेचे चक्र ही त्याची कामे. घराचा मालक निघून गेला तरी पहारेकरी जागा राहावा, असे हे आहे. पहारेकरीही गेला, तर मग घर उरले असे म्हणता येत नाही.

२७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी के. ई. एम.च्या आवारातच अरुणा शानबाग हिच्यावर एका सफाई कामगाराने हल्ला केला. ती मूळची उत्तर कानडा जिल्ह्यातील हळदीपूरची, वय पंचवीस, कुत्र्यांवरील प्रायोगिक शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळेत काम करणारी. साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. हल्लेखोराला मारहाण आणि चोरी या गुन्ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. परिचारिकांनी त्या वेळी सुरक्षिततेसाठी संप केला होता. बाह्यकाची हानी भयंकर होती. डोळे निरोगी असूनही दृष्टी गेली, कारण पाहणारा मेंदूच उरला नव्हता. पण श्वास तिचा स्वतःचा होता. यंत्र नव्हते, म्हणून बंद करण्याजोगी कळही नव्हती. ती झोपे, जागी होई, भरविलेले गिळी.

जेनेट आणि प्लम या दोघांनी अशा अवस्थेला ‘वनस्पतिवत अवस्था’ असे नाव दिले ते १९७२ साली, म्हणजे अरुणावरील हल्ल्याच्या अवघे एक वर्ष आधी. नाव फारसे चांगले म्हणता येणार नाही, कारण वनस्पती कण्हत नाही. पण ते रूढ झाले. तेच जेनेट आणि त्यांचे सहकारी टीसडेल यांनी १९७४ साली ग्लासगोहून बेशुद्धी मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. डोळे उघडण्याला चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. कमीत कमी बेरीज तीन, जास्तीत जास्त पंधरा आणि आठ किंवा त्याखाली गंभीर स्थिती. ही श्रेणी परिचारिकेलाही वापरता यावी इतकी साधी ठेवली होती, यातच तिचे मोठेपण आहे. कारण शल्यवैद्य खाटेशी दहा मिनिटे असतो, परिचारिका आठ तास. कवटीच्या आत रक्त साचू लागले, की आधी शुद्धीवर असलेला रुग्ण सुस्तावतो. दुखापतीच्या बाजूची बाहुली मोठी होते आणि उजेडाला दाद देत नाही. पुढे रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते. मंद नाडी पाहून रुग्ण शांत झोपला असे समजणे, ही शिकाऊ परिचारिकेची सर्वांत घातक चूक ठरू शकते. दर तासाला नोंदविलेली बाहुली आणि बेरीज ज्या तक्त्यावर असते, त्या तक्त्यानेच शस्त्रक्रियेची वेळ साधते.

पांडेसऱ्याच्या नातेवाइकाला द्यावयाचे उत्तर येथेच आहे. अरुणाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत होता. त्यांच्या माणसाचा तसा राहिलेला नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूलाच मृत्यू मानले आहे. चार डॉक्टरांचे मंडळ, निदान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करते. इजेचे कारण ठाऊक असले पाहिजे. ते औषधाच्या अमलाचे किंवा थंडीने गारठल्याचे नसले पाहिजे. बाहुलीवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात गार पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटी प्राणवायूचा पुरवठा ठेवून यंत्राचा श्वास थांबवितात आणि रक्तातील कार्बनवायू वाढू देतात. जिवंत मस्तिष्कस्तंभ अशा वेळी छाती हलविल्यावाचून राहत नाही. ती हलली नाही, तर श्वास यंत्राचा होता, माणसाचा नव्हता. अशा देहात यंत्र लावून ठेवले, तरी हृदय बहुधा काही दिवसांतच थांबते. महिनाभर थांबण्याने माणूस परत मिळत नाही. मात्र दान करणे किंवा न करणे ही सर्वस्वी कुटुंबाची इच्छा. त्या इच्छेवर मृत्यूचे निदान अवलंबून नसते. ही दोन वाक्ये स्वतंत्रपणे, आणि घाई न करता, सांगितली पाहिजेत.

के. ई. एम.च्या चौथ्या वॉर्डालगतच्या खोलीत पुढील परिचारिकांच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या. ऐंशीच्या दशकात अरुणाला तेथून हलविण्याचा महापालिकेचा विचार त्यांनी हाणून पाडला. पिंकी विराणी यांच्या याचिकेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तिची तपासणी करविली. ती मेंदूने मृत नाही, वनस्पतिवत अवस्थेची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने कळविले. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दिवसरात्र बदलीत राहावे लागते, हे ज्याने केले आहे त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. मलमूत्राची वेळ परिचारिका तिच्या आवाजावरून ओळखीत. माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा मिळाला म्हणजे तिच्या चेहऱ्यावर हसू येते, असेही त्यांचे सांगणे होते. हे हसू की प्रतिक्षिप्त क्रिया, याबद्दल शास्त्राने शंका घ्यावी. पण रोज घास भरविणाऱ्यांची साक्ष सहज बाजूला टाकता येणार नाही.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला आणि त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या संमतीने, जीवनरक्षक उपचार थांबविण्याची वाट इतर रुग्णांसाठी मोकळी केली. २०१८ साली घटनापीठाने ती वाट अधिक स्पष्ट केली. अरुणाच्या परिचारिकांनी निकालाच्या दिवशी आनंद साजरा केला. तोंडाने खाणे मात्र त्यापूर्वीच, सप्टेंबर २०१० मधील हिवतापानंतर सुटले होते आणि नाकातून नळी घालावी लागली होती.

१८ मे २०१५ रोजी फुप्फुसाच्या दाहाने तिचा अंत झाला. भोईवाड्याच्या स्मशानात तिच्या सहकारी परिचारिका मोठ्या संख्येने गेल्या. दोन आठवड्यांनी, १ जूनला, ती सदुसष्ट वर्षांची झाली असती. हा वाढदिवस त्या रुग्णालयातच साजरा करीत असत.