किर्लोस्करवाडीची कार्यसंस्कृती
लक्ष्मणराव किर्लोस्कर (२० जून १८६९–२६ सप्टेंबर १९५६) यांनी सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे रुजविलेली औद्योगिक कार्यपद्धती. त्यांना बेळगावचा आपला कारखाना हलवावा लागल्यावर औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाने व्यापलेल्या या जागेवर १९१० मध्ये वसाहत उभी राहिली. लोखंडी नांगर हे कारखान्याचे प्रमुख उत्पादन होते.

माणसांची पारख आणि त्यांच्यावरील विश्वास हे लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाचे मर्म होय. औपचारिक शिक्षणापेक्षा हातातील कसबाला त्यांनी मान दिला. औपचारिक शिक्षण कमी असूनही कसबी ठरलेले कारखान्यातील सहकारी अनंतराव फळणीकर हे त्याचे ठळक उदाहरण. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी पहाऱ्याचे जबाबदारीचे काम सोपविले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ ठरविला. कामगार कुटुंबांसह वसाहतीत राहत. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. याच वसाहतीतून १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या नियतकालिकाचेच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले. निकोप कार्यसंस्कृती नियमांच्या पाटीतून घडत नाही, मालकाच्या रोजच्या आचरणातून घडते, हे किर्लोस्करवाडीने दाखवून दिले.