एका हरवलेल्या चित्रपटाविषयी

बोईसरजवळच्या बेटेगावात राहणाऱ्याला १९६९ हे साल तारापूरमुळे ठाऊक असते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात देशातील पहिले अणुविद्युत केंद्र इथल्या किनाऱ्यावर सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत नेपियन सी रोडवर चित्रकार अकबर पदमसी एक लघुपट करत होते. त्याचे शीर्षक अणुभौतिकीतून उसने घेतलेले होते : ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध काही नाही. पण क्लाउड चेंबर म्हणजे काय, हे सांगायला आमच्या गावी श्रोता सहज मिळतो, एवढेच. अदृश्य कण बाष्पातून जाताना मागे धुक्याची रेघ सोडतो. कण दिसत नाही, त्याची वाट तेवढी दिसते.

नेहरू फेलोशिपच्या पैशांतून पदमसींनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकार, छायाचित्रकार, चलच्चित्रकार यांनी एकत्र येऊन एकमेकांची साधने हाताळावीत, ही त्यामागची कल्पना. ते जेमतेम १९७२पर्यंत चालले. पदमसींनी आपल्याच एका तैलचित्रावरून सुमारे सहा मिनिटांचा रंगीत १६ मिमी चित्रपट केला. कापलेल्या स्टेन्सिलींचे आकार कॅरोसेल प्रोजेक्टरच्या प्रकाशातून पाडून, एकावर एक चढवून, बोलेक्स कॅमेऱ्याने टिपले. प्रयोगशाळेत मागाहून करायची करामत यात नव्हती. जे घडायचे ते भिंगासमोर.

चित्रकाराने हे करावे यात एक मौज आहे. पॅलेटवर तांबडा आणि हिरवा मिसळला की मळकट तपकिरी होतो. तेच दोन रंग प्रकाशाचे असतील तर पडद्यावर पिवळा उमटतो. रंगाचे थर चढवले की चित्र गडद होत जाते, प्रकाशाचे चढवले की उजळत जाते, आणि आवरले नाही तर शेवटी पांढरे होते. आयुष्यभर जमवलेला हिशेब उलटा मांडावा लागतो. फिल्म हे गणित माफ करत नाही : जिथे काळोख राखला तिथेच दुसरा आकार स्वच्छ उतरतो.

काळोख राखण्याची ही युक्ती आपल्याकडे नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेल्या चित्रांचे ‘शांबरिक खरोलिका’ खेळ करत. काळ्या पार्श्वभूमीवरच्या आकृती एकीमागून एक दाखवून ते हालचालीचा भास घडवत. (पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तोवर कल्याण आणि आम्ही एकाच ठाणे जिल्ह्यातले.) फाळक्यांनी रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत टिपली, तीही कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात.

या लघुपटाला ‘सायकेडेलिक’ म्हणून मोकळे होण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ‘जोशुआ लाइट शो’ रॉक संगीतामागे रंगीत द्रवांचे प्रकाश नाचवत होता. साधने जवळची, पण पदमसींची ओढ निराळी. त्यांच्या ‘मेटास्केप’ चित्रांतील सूर्यचंद्रामागे ‘शाकुंतला’ची नांदी आहे. नशेचा अनुभव पडद्यावर आणणे आणि कालाचे नियमन करणाऱ्या दोन ज्योतींचा विचार करणे, यांत अंतर आहे. तंत्र सारखे म्हणून वंशावळ सारखी ठरवणे, ही चूक साहित्याच्या इतिहासातही आपण पुष्कळदा करतो.

पण ही बाजू मी कशाच्या बळावर मांडतो आहे? चित्रपट मी पाहिलेला नाही. त्याची प्रत एकच होती; दिल्लीला प्रदर्शनासाठी पाठवली, ती हरवली. नंतरचा ‘सिझिजी’ (१९७०) हा सुमारे हजार रेखाचित्रांचा मूक, कृष्णधवल चित्रपट वाचला, म्हणून चर्चा त्याचीच होते. नलिनी मलानींनी त्याच कार्यशाळेत, १९६९मध्ये, वास्तुप्रतिकृतीवर रंगीत प्रकाश टाकून ८ मिमीवर केलेला ‘ड्रीम हाउसेस’ही वाचला, पुढे १९७६मध्ये त्याला कृष्णधवल जोड देऊन ‘युटोपिया’ हे दोन पडद्यांचे काम झाले. संहिता नष्ट झालेल्या आणि केवळ टीकेतून उरलेल्या ग्रंथासारखी पहिल्या चित्रपटाची गत आहे, फक्त इथे टीकाकार स्वतः कर्ताच.

२०१६ साली अशीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन तो आठवणीतून पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नालाच मूळचे शीर्षक दिले. जानेवारी २०२०मध्ये पदमसी गेले. आता ती सहा मिनिटे पाहायची म्हणजे हा दुसरा चित्रपट पाहायचा, आणि त्यात पदमसी नेमके कुठे आठवता आठवता थांबतात, तिकडे लक्ष ठेवायचे.