मोठ्या खरेदीदाराचा खरा संपर्क कसा शोधायचा?

रत्नागिरीच्या बाजूला घरोघरी कोकमाचं आगळ, आमसूल, सरबत बनतं. माल चांगला असतो, चवही असते. पण मुंबई-पुण्यात तो घाऊक कोण घेतो, घेणाऱ्याच्या ऑफिसात निर्णय कोणाचा असतो आणि त्याला गाठायचं कसं, हे बहुतेक वेळा दलालालाच ठाऊक असतं. संपर्क ज्याच्याकडे, भाव त्याच्या हातात. मालेगाव-भिवंडीचं कापड असो, मिरजेची वाद्यं असोत की एखाद्या बचत गटाचा फराळ, गोष्ट फारशी वेगळी नाही.

यावर उपाय म्हणून काही जण कंपन्यांच्या मोबाईल नंबरांची तयार यादी विकत घेतात. अशा याद्या जुन्या असतात, शंभर जणांना विकलेल्या असतात आणि त्यातले लोक परवानगी न घेता टाकलेले असतात. मुळात तिची गरजच नाही. धंद्याच्या कामाचे पत्ते, फोन आणि ईमेल कंपन्यांना कायद्यानेच उघडे ठेवावे लागतात. ते कुठे असतात, कसे तपासायचे आणि हाती आल्यावर काय लिहायचं, ते कोकम उत्पादकाच्या उदाहरणाने पाहू. रीत कुठल्याही धंद्याला तीच आहे.

आधी वीस नावांची यादी करा

हजार नंबरांपेक्षा नीट निवडलेली वीस नावं बरी. कोकमाचा घाऊक ग्राहक साधारण पाच प्रकारचा असतो: सुपरमार्केटच्या साखळ्या, हॉटेल आणि केटरर, किराणा मालाचे वितरक, स्वतःच्या ब्रँडखाली माल भरून विकणाऱ्या कंपन्या आणि निर्यातदार. प्रत्येक प्रकारातली चार नावं लिहा.

नावापुढे पदही लिहा, कारण 'कंपनीचा नंबर' मिळाला तरी फोन चुकीच्या माणसाकडे गेला तर काम होत नाही. सुपरमार्केटमध्ये कोणता माल ठेवायचा हे सहसा कॅटेगरी मॅनेजर ठरवतो. हॉटेलात परचेस मॅनेजर असतो, पण पदार्थ शेफला पसंत पडावा लागतो. कारखान्यात प्रोक्युअरमेंट किंवा सोर्सिंग विभाग असतो. वितरकाकडे मात्र गल्ल्यावर बसलेला मालकच सगळं ठरवतो.

पहिली जागा: पाकिटाची मागची बाजू

दुकानात जा आणि कोकम सरबत, आमसूल, मसाले यांची पाकिटं उलटी करून वाचा. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं, माल भरणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता लागतो. ग्राहकाने तक्रार कुठे करायची त्याचा फोन आणि ईमेलही लागतो. खाद्यपदार्थ असेल तर चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो.

'उत्पादक' एक आणि 'विपणन' दुसऱ्याचं, असं लिहिलेलं दिसलं तर ती कंपनी बाहेरून माल बनवून घेते, म्हणजे ती तुमची संभाव्य ग्राहक आहे. पाकिटावरचा नंबर तक्रारींसाठी असतो, म्हणून तिथे माल विकायला बसू नका. "खरेदी विभागाचा ईमेल मिळेल का?" एवढंच विचारा.

दुसरी जागा: वेबसाइट आणि लेटरहेड

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कंपनीला आपल्या पत्रांवर आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल छापावा लागतो. वेबसाइट असेल तर ही माहिती आणि चौकशीसाठी संपर्क करायच्या व्यक्तीचं नाव मुखपृष्ठावर द्यावं लागतं. ऑनलाइन माल विकणाऱ्यांवर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचंही असंच बंधन आहे.

म्हणून वेबसाइट उघडली की सरळ तळाशी जा. 'व्हेंडर', 'सप्लायर' किंवा 'पार्टनर विथ अस' अशा नावाचं पान आहे का पाहा. अनेक मोठ्या साखळ्या नवे पुरवठादार त्याच फॉर्मवरून घेतात. शेअर बाजारातली कंपनी असेल तर कंपनी सेक्रेटरीचा ईमेल सहज सापडतो, पण तो गुंतवणूकदारांसाठी असतो. तिथे कोकमाचा भाव पाठवून उपयोग नाही.

तिसरी जागा: सरकारी नोंदी

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून मूळ नोंद पाहता येते. कंपनीचा ओळख क्रमांक २१ अक्षर-अंकांचा असतो. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. मधले चार अंक स्थापनेचं वर्ष सांगतात. नोंदीत कंपनी चालू आहे की यादीतून काढून टाकली आहे तेही कळतं. एक ध्यानात ठेवा, लहान कंपन्यांच्या नोंदीतला ईमेल पुष्कळदा त्यांच्या सीएचा असतो. तो खरेदी विभाग समजू नका.

जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाकला की नोंदणीचं नाव, दुकानाचं नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, तेही पाहता येतं. ज्याने कित्येक महिने विवरणपत्र भरलेलं नाही त्याला उधारीवर माल देण्यापूर्वी दोनदा विचार करा.

जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. या हिशेबाने नंबरातलं सहावं अक्षर पी असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. समोरचा "आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे" म्हणतो आणि नंबरात पी निघतो, तर तिथेच थांबून विचारा.

हा नंबर मिळवायला अवघड नाही. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने तो दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या पाटीवर लावायचा असतो. बाजारपेठेत फिरताना वितरकांच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा.

नेमका माणूस कसा सापडेल?

लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि पद इंग्रजीत टाकून शोधा. तिथे लोकांनी आपलं पद स्वतःहून लिहिलेलं असतं. थेट तिथेच तीन ओळींचा निरोप पाठवता येतो.

त्याहून जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे ऑफिसच्या लँडलाइनवर फोन. "अस्सलामु अलैकुम" किंवा "नमस्कार", जे समोर शोभेल ते म्हणा आणि विचारा: "मी रत्नागिरीहून बोलतोय, आमचं कोकमाचं युनिट आहे. नवीन पुरवठादारांचं काम कोण पाहतं? त्यांचा ऑफिसचा ईमेल मिळेल का?" रिसेप्शनवर खाजगी मोबाईल मागू नका. ऑफिसचा ईमेल मागितला तर सहसा मिळतो.

नाव-आडनाव जोडून अंदाजाने ईमेल बनवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. ती टाळा. चुकीच्या पत्त्यांवर गेलेले मेल परत येतात आणि तुमचा पत्ता संशयात पडतो. जीमेलच्या नियमांत स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे हजारात तीनच्या आत. त्यापुढे गेलात तर तुमची खरी बिलंसुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जायला लागतील.

संस्था आणि प्रदर्शनं

जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा. तिथे जिल्ह्यातल्या उद्योगांची माहिती असते आणि प्रदर्शनांच्या तारखा कळतात. १९२७ साली स्थापन झालेली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स किंवा तुमच्या एमआयडीसीतली उद्योजक संघटना यांचे सभासद झालात तर ओळखीतून दार उघडतं. बचत गटातल्या भगिनींनी माविम आणि उमेद यांच्या जिल्हा कार्यालयांत विक्री मेळाव्यांची चौकशी करावी.

निर्यातीसाठी कोकमाला एक खास वाट आहे. स्पाइसेस बोर्डाच्या ५२ मसाल्यांच्या यादीत कोकम आहे. प्रक्रिया केलेल्या फळांचं काम अपेडा पाहते. दोन्हीकडे नोंदणीकृत निर्यातदारांची माहिती मिळते. स्वतः निर्यात करण्याची तयारी नसेल, तर हे निर्यातदारच तुमचे पहिले ग्राहक होऊ शकतात.

दिल्लीचं 'आहार' आणि दुबईचं 'गल्फूड' ही खाद्यधंद्याची मोठी प्रदर्शनं आहेत. जाणं परवडलं नाही तरी त्यात भाग घेणाऱ्यांची यादी वेबसाइटवर पाहता येते. कोण कशाचा धंदा करतो ते तिथे घरबसल्या कळतं.

आखातातला ग्राहक

कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी दुबई, कुवेत, सौदीत आहे. त्या भावाला किंवा मामांना "तिकडे माल खपेल का" असं मोघम विचारू नका. "तिथल्या भारतीय किराणा दुकानात जाऊन कोकमाच्या पाकिटावरच्या आयातदाराचं नाव आणि फोन यांचा फोटो पाठवा" असं सांगा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यातून खरा आयातदार कळतो. पुढे त्याची खातरजमा करायला भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाला लिहिता येतं. केंद्र सरकारच्या 'ट्रेड कनेक्ट' पोर्टलवरही निर्यातदारांना परदेशातल्या भारतीय कार्यालयांशी संपर्क साधता येतो.

फोनची वेळ सांभाळा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदी अडीच तास. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. दुबईत शनिवार-रविवार सुट्टी आणि सरकारी कार्यालयं शुक्रवारी अर्धा दिवस. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात, म्हणून बोलणी त्याआधी सुरू करा.

संपर्क खरा आहे का, हे तपासा

मोठ्या कंपनीचं नाव सांगून मोठी ऑर्डर देणारा मेल आला की आनंद होतो, आणि फसवणूक होते ती याच क्षणी. चार गोष्टी पाहा.

१. मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे की फुकटच्या खात्यावरून? स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे आहे का?

२. मेलमधल्या नंबरावर फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः काढा आणि तिथे विचारा. इंटरनेटवर शोधून वर आलेला 'कस्टमर केअर' नंबरही खोटा असू शकतो.

३. जीएसटी नोंदीतला पत्ता आणि ऑर्डरवरचा पत्ता जुळतो का? वेगळ्याच गोदामावर माल मागवला असेल तर कारण विचारा.

४. पैसे मागतात का? 'पुरवठादार नोंदणी', 'गेट पास', 'डिपॉझिट' अशा नावाने आधी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

मर्यादा कुठे आहे?

साध्या दहा अंकी मोबाईलवरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन आणि मेसेज लावणं ट्रायच्या २०१८ च्या नियमांत बसत नाही. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका आहे. लोकांनी १९०९ वर तक्रार केली तर तुमचा धंद्याचा नंबरच बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांना घाऊक निरोप धाडले तर खातं जातं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती आणि चोरून गोळा केलेली माहिती यांत फरक केला आहे. म्हणून प्रत्येक संपर्कापुढे तो कुठून मिळाला ते लिहून ठेवा. कोणी "पुन्हा फोन करू नका" म्हणालं तर नाव त्याच दिवशी काढून टाका.

पहिलं पत्र

पत्र लहान ठेवा. नमुना असा:

"मा. खरेदी अधिकारी, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात कोकम आगळ आणि आमसूल बनवतो. आपल्या दुकानांत आमसूल दिसलं, आगळ दिसलं नाही. आम्ही एक लिटरच्या बाटलीत आगळ देऊ शकतो. सोबत एफएसएसएआय, जीएसटी आणि उद्यम क्रमांक, घाऊक दर आणि दरमहा किती माल देता येईल ते जोडलं आहे. आपण पत्ता कळवल्यास नमुना आमच्या खर्चाने पाठवू. आपला संपर्क आपल्या वेबसाइटवरून घेतला आहे."

यात त्यांचं दुकान पाहिल्याचं कळतं, आकडे आहेत आणि मागणी एकच आहे. उद्यम क्रमांक आवर्जून लिहा. ती नोंदणी मोफत असते आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकवता येत नाहीत, असं २००६ चा कायदा सांगतो. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग महिन्याने एकदा. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळा. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, तेव्हा ही पत्रं डिसेंबर-जानेवारीत गेलेली बरी.

सगळं एका वहीत उतरवा: कंपनी, पद, ईमेल, कुठून मिळाला, कधी लिहिलं, काय उत्तर आलं. वही घरातल्या दोघांना तरी वाचता आली पाहिजे, म्हणजे वडील आजारी पडले तरी मुलगी फोन उचलून बोलू शकेल.

आणि आता आपलंच पाकीट उलटं करून पाहा. त्यावर पूर्ण पत्ता, चालू फोन आणि रोज उघडला जाणारा ईमेल आहे का? तुम्ही जसे खरेदीदार शोधताय, तसा कुठलातरी खरेदीदारही दुकानात उभा राहून चांगल्या मालाच्या उत्पादकाचा नंबर शोधत असतो.