कवीचा पुतळा आणि त्याची जागा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव-निपाणी टापूत पुतळा हा केवळ पुतळा उरला नाही. तो कोणाचा, याइतकाच तो कोणत्या चौकात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटत आला. चबुतरा आमच्या लेखी हद्दीचा दगडच. साहजिकच कवीच्या पुतळ्यास धोका असेल तर तो परभाषकांकडून, अशी आमची समजूत झाली.

बंगळूरची हकीकत या समजुतीस पुष्टीच देते. अलसूर तलावाजवळ तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा १९९१ साली उभा राहिला. परंतु कन्नड संघटनांच्या विरोधामुळे अठरा वर्षे तो झाकलेलाच होता. शेवटी अदलाबदलीचा तोडगा निघाला. ९ ऑगस्ट २००९ रोजी करुणानिधींनी त्याचे अनावरण केले आणि चारच दिवसांनी येडियुरप्पांनी चेन्नईत कन्नड कवी सर्वज्ञाच्या पुतळ्याचे. एक दोन ओळींत सांगणारा, दुसरा तीन ओळींत. त्यांना उजेडात आणण्यास मुख्यमंत्रीही दोन लागले!

राम गणेश गडकऱ्यांच्या बाबतीत मात्र आमची समजूत टिकत नाही. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता लिहिणारे गडकरी आमच्या मुलखास परके नव्हेत. ज्या किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांची उमेदवारी झाली, तिचे संस्थापक अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पुण्याच्या संभाजी उद्यानात गडकऱ्यांचा अर्धपुतळा बसला तो २३ जानेवारी १९६२ रोजी, त्यांच्या पुण्यतिथीस. अनावरण आचार्य अत्र्यांच्या हस्ते झाले. अत्रे गडकऱ्यांना गुरू मानीत, तेव्हा हा योग उचितच होता. पुढे जवळजवळ पंचावन्न वर्षे पुतळा तेथे होता. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो उखडून मुठा नदीत टाकला. ‘राजसंन्यास’ नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणावर त्यांचा आक्षेप होता.

उद्यान मराठी राजाच्या नावाचे, कवी मराठी, उखडणारे हातही मराठी. इतरत्र निदान दोन भाषांचे भांडण असते व तडजोडीस दोन बाजू सापडतात. येथे अदलाबदल कोणाशी करावयाची? हे वृत्त वाचून आम्ही सीमाभागातील माणसे ओशाळलो, हे मान्य केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘राजसंन्यास’ हे अपुरे नाटक आहे. १९१९ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सावनेर येथे गडकरी वारले, तेव्हा त्यातील संभाजी अजून पुरता लिहून झाला नव्हता.