काम काय करता?

माझ्या भाचीची मुलगी यंदा पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडली. विषय विचारला तर म्हणाली, "आजी, पर्यावरण आणि व्यावसायिक आरोग्य." आमच्या वेळी पुढचे शिक्षण म्हणजे मराठी, इतिहास, नाहीतर अर्थशास्त्र. त्यामुळे घरातल्या निम्म्या मंडळींना हा झाडे लावण्याचा अभ्यासक्रम वाटला आणि उरलेल्यांना फॅक्टरी इन्स्पेक्टरची नोकरी! मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हवा-पाण्याचे पर्यावरण आणि कारखान्यातला कामगार, या दोन गोष्टी एकाच पदवीत कशा आल्या? आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेले. कुठलीही गोष्ट कुठून सुरू झाली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून वाचत बसले. त्यातून जे हाती लागले ते आज लिहिते आहे.

आपल्याकडे एस्टीत शेजारी अनोळखी माणूस बसला की दोन प्रश्न ठरलेले. 'कुठलं गाव?' आणि 'काम काय करता?' या विषयाचा सारा इतिहास दुसऱ्या प्रश्नाचा आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इटलीत मोडेना नावाचे गाव आहे. तेथे बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३-१७१४) नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक राहत होता. एकदा त्याच्या घरचा मैलाखड्डा साफ करायला माणूस आला. तो फार घाईघाईने, जिवाच्या आकांताने काम करत होता. रामाझिनीने विचारले, "बाबा रे, एवढी घाई कशाला? दमशील." त्यावर तो म्हणाला, की या खड्ड्यात चार तासांहून जास्त राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला कळायचे नाही, माणूस आंधळाच होतो. रामाझिनीने त्याचे डोळे पाहिले. लाल झालेले, धूसर. मग त्याने गावात चौकशी केली, तेव्हा हेच काम करून दृष्टी अधू झालेले आणि भीक मागत फिरणारे लोक त्याला भेटले.

येथून त्याने एकेक धंदा घेतला. खाणकामगार, कुंभार, सुईणी, धोबिणी, पाथरवट. कारागिराच्या अंधाऱ्या खोपटात जाऊन पाहायला त्याला कमीपणा वाटला नाही. १७०० साली त्याचे कामकऱ्यांच्या रोगांवरचे पुस्तक निघाले, त्यात चाळीसहून अधिक धंदे आहेत. जुन्या हिपोक्रेटिसने वैद्याला रोग्यापाशी काय काय विचारावे ते सांगून ठेवले होते. रामाझिनीने त्यात एका प्रश्नाची भर घातली : 'तुझा धंदा कोणता?' आमच्या पेशालाही त्याने सोडलेले नाही. विद्वानांच्या आजारांवर वेगळे प्रकरण आहे. आणि लेखनिकांविषयी तो लिहितो, की त्यांच्या दुखण्याची कारणे तीन : एका जागी बसून राहणे, हाताची सतत तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे!

पण प्रश्न विचारला म्हणजे उपाय झाला असे नसते. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने दाखवून दिले, की धुराड्यात उतरून ती साफ करणाऱ्या मुलांना पुढे जो कर्करोग होतो त्याचे कारण काजळी. ही मुले अगदी लहान, सहा-सात वर्षांचीही असत, कारण धुराडी अरुंद. इंग्लंडात मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने थांबले ते १८७५ च्या कायद्याने. कळणे आणि वळणे यांत बरोबर शंभर वर्षे गेली. औद्योगिक क्रांतीचा धडा शिकवताना शोध आणि संशोधक यांच्या जोड्या जुळवायला असतात; ही शंभर वर्षे कुठल्या जोडीत बसवायची?

आता ज्या बाईंमुळे हा विषय विद्यापीठात पोचला त्यांच्याकडे वळते. ॲलिस हॅमिल्टन (१८६९-१९७०). वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९७ साली त्या शिकागोत आल्या आणि 'हल हाऊस' या संस्थेत, गरीब परदेशी मजुरांच्या वस्तीत राहिल्या. शेजारीपाजारी ऐन उमेदीतले पुरुष, कुणाचा हात लुळा पडलेला, कुणाला पोटात असह्य कळा. त्यांनी पुस्तके चाळली तर युरोपातल्या देशांत अशा रोगांवर भरपूर लिहिलेले, अमेरिकेत जवळजवळ काही नाही. १९१० साली इलिनॉय राज्याने व्यावसायिक रोगांची पाहणी केली तेव्हा त्या कामाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांच्या कामाची पद्धत मला फार आवडली. कारखान्यात जायचे, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. इस्पितळातली जुनी नोंदवही काढायची, पाद्र्याला भेटायचे, औषधाच्या दुकानदाराला विचारायचे आणि शेवटी कामगाराच्या घरी स्वयंपाकघरात बसून त्याच्या बायकोशी बोलायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर शाळातपासणीच्या दिवशीचे शाळेचे रूप आणि एरवीचे रूप यांतला फरक त्या ओळखून होत्या! या पाहणीत शिसे वापरणाऱ्या सत्तरहून अधिक प्रक्रिया आणि शिसेबाधेचे पाचशेहून अधिक रोगी हाती लागले. दुसऱ्याच वर्षी, १९११ साली, इलिनॉयने व्यावसायिक रोगांचा कायदा केला.

या कामाच्या जोरावर १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकाच्या सहायक प्राध्यापक म्हणून बोलावले. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. दुसरे कारण असे, की हा विषय त्यांच्याइतका जाणणारा पुरुष त्या देशात सापडत नव्हता. तरी अटी होत्याच. प्राध्यापकांच्या क्लबात पाऊल टाकायचे नाही, फुटबॉलच्या सामन्याची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. बाईंनीही एक अट घातली : वर्षातले निम्मे दिवसच शिकवीन, उरलेले दिवस कारखाने हिंडेन. अशी सोळा वर्षे शिकवून १९३५ साली त्या निवृत्त झाल्या, त्याही सहायक प्राध्यापक म्हणूनच. बढती नाही. त्यांनी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले तेथे विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला तो १९४५ साली! १९७० च्या सप्टेंबरात, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला.

आता मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर. तेही हॅमिल्टनबाईंच्याच काळात सापडते. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की इंजिनाची ठोठो थांबते, असा शोध १९२१ साली लागला. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या एका कारखान्यात ते संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, काहींना बांधून ठेवावे लागले आणि पाच जण दगावले. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला परिषद भरली. कंपन्यांचे म्हणणे, कारखान्यात काळजी घेऊ, बाकी लोकांना धोका नाही. हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन सांगत होते, की जे कारखान्यात घडले तेच कमी प्रमाणात पण रस्त्यारस्त्यावर घडेल, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे अनेक दशके जगभरच्या शहरांतली मुले शिशाची हवा श्वासात घेत राहिली. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो हे नंतर पक्के ठरले. भारतात शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातले शेवटचे असे पेट्रोल अल्जीरियात २०२१ साली संपले. परिषदेनंतर ९६ वर्षांनी.

म्हणजे कामगार आणि पर्यावरण हे दोन विषय नाहीतच. विष एकच, वाट एकच. कामगार त्या वाटेवर आधी उभा असतो, एवढेच. आज जे त्याच्या नाकातोंडात जाते ते उद्या कुंपण ओलांडून वस्तीत येते. हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला होता. १९८२ साली राजकुमार केसवानी या तेथल्या पत्रकाराने शहराला बजावले होते. कामगाराचा मृत्यू ही कारखान्याच्या आतली बाब मानली गेली. ती शहराला आलेली पहिली नोटीस होती.

आपल्या देशातल्या अभ्यासाचे आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते शाळेशी जोडलेले आहे. पाटीवर लिहायची पेन्सिल. तिचे मोठे केंद्र मध्य प्रदेशात, मंदसौर भागात. इतिहासात हेच दशपूर. तेथल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधल्याचा पाचव्या शतकातला शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच मंदसौरला विजेच्या करवतीवर दगड कापून पेन्सिली तयार होत आणि दगडाची बारीक पूड कापणाऱ्याच्या छातीत जाई. या पुडीतली सिलिका फुफ्फुसात कायमची बसते, फुफ्फुस घट्ट होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेथे जाऊन सुमारे सहाशे कामगार तपासले. त्यांची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक कामगारांच्या क्ष-किरण चित्रात हा रोग दिसला. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्यातले जे दगावले त्यांचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास होते.

सिलिकोसिसचा खोकला आणि क्षयाचा खोकला सारखाच वाटतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो. त्यामुळे पुष्कळ रोग्यांना नुसती क्षयाची औषधे मिळत राहतात. रामाझिनीचा तो एक प्रश्न विचारला, की 'दगड कापतो' हे उत्तर येते आणि निदान बदलते. तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न, पण गर्दीच्या दवाखान्यात त्याला आजही वेळ मिळत नाही. म्हणून मला वाटते, या विषयात पदव्या घेणारे थोडे असले तरी चालतील. हा प्रश्न मात्र प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी हवा. आणि पदवी घेणाऱ्यांनी हॅमिल्टनबाईंसारखे निम्मे वर्ष तरी हिंडावे. केवळ प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी हा विषय उभा राहिलेला नाही. तो ऐकण्यातून उभा राहिला आहे.

असो. हा विषय एका मैलाखड्ड्याच्या काठावर सुरू झाला. आपल्याकडे हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या येतातच. तुमच्या सोसायटीची टाकी साफ करायला माणसे येतील तेव्हा जरा खाली उतरून बघा. आत यंत्र जाते आहे की माणूस? माणूस जात असेल तर काम थांबवा. आणि त्याला विचारा, "बाबा रे, दिवसाला किती टाक्या करतोस? रात्री खोकला येतो का?"