पटकीचे पाणी येते कुठून?

एकोणिसाव्या शतकात वैद्यांनी पटकीने दगावलेल्यांची आतडी उघडून पाहिली, तेव्हा आतले अस्तर सोललेले दिसले. त्यावरून रोग आतड्याची भिंत खरवडतो आणि त्या जखमेतून पाणी झिरपते, असा समज रूढ झाला. तो दीर्घकाळ टिकला आणि तो चुकीचा होता. पटकीत पाणी सोडते ती आतड्याच्या अस्तराची शाबूत पेशीच. जंतूचे विष फक्त तिच्या नेहमीच्या कामाचा लगाम काढून टाकते. १९५९ साली कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचला आणि ते आतडे पाण्याने तट्ट फुगले. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले, त्यांत अस्तर धड होते. सोललेपणा मृत्यूनंतरचा होता.

मग पेशीला हुकूम कोण देते? याचा सर्वांत बोलका पुरावा पटकीचा जंतूच नसलेल्या आजारातून आला. १९५८ साली व्हर्नर आणि मॉरिसन यांनी स्वादुपिंडात गाठ असलेले, पाण्यासारख्या जुलाबांनी खंगणारे रुग्ण नोंदवले. १९७० साली सईद आणि मुट यांनी डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी हे २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे केले, आणि अशा गाठी तेच रक्तात ओततात हे १९७३ पर्यंत दिसून आले. हे पेप्टाइड पेशीच्या ग्राहीला चिकटले की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइडची वाट उघडते आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी बाहेर पडते. पटकीचे विष पेशीत शिरून हेच सायक्लिक एएमपी वाढते ठेवते. ई. कोलाय जंतूचे एक विष तर स्वतःच पेप्टाइड आहे. ते ज्या ग्राहीवर बसते, ती मुळात आतड्याच्या स्वतःच्या ग्वानिलिन या पेप्टाइडसाठी असते, हे १९९२ साली उलगडले.

यावर कोणी म्हणेल, बनगावच्या निर्वासित छावणीत १९७१ साली दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले. तिथे पेप्टाइडचे ज्ञान कुठे लागले? आक्षेपात तथ्य आहे. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच तोंडावाटे क्षार देऊन रुग्ण बरे केले होते. पण भिंतच फाटली आहे असे मानणाऱ्यांना पाजलेले पाणी वाया जाणारच वाटणार. भिंत शाबूत आहे आणि ग्लुकोज सोडियमला आत घेऊन जाते, हे १९६० नंतर कळत गेले, तेव्हा त्या उपायाला कारण मिळाले. शिवाय ते पाणी झीज भरून काढते, स्राव थांबवत नाही. स्राव आवरायचा तर शरीराचीच आज्ञा वापरता येते. रेसेकॅडोट्रिल हे औषध आतड्यातल्या एन्केफॅलिन या आवर घालणाऱ्या पेप्टाइडचे विघटन रोखून स्राव कमी करते. जखमेच्या कल्पनेला धरून बसलो असतो, तर अशा औषधाचा शोध घ्यावा असे कोणाला सुचलेही नसते.